मिलानला शॉपिंग कुठं करायचं? आधी चीज बघा, मग पर्स बघा

"ताई, युरोप टूर फायनल झाली. मिलानला दोन दिवस आहोत. शॉपिंग कुठं करायचं?"

शाळांना सुट्ट्या लागायच्या आधी हा मेसेज सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत थांबत नाही. माझं माहेर कोल्हापूर, मिलानमध्ये राहून अकरा वर्षं झाली, त्यामुळं गावाकडच्या निम्म्या लोकांना मी म्हणजे मोफत गाईड वाटते. वाटू दे, तक्रार नाही. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पत्ते देणार आहे, शेवटी देते. पण त्याआधी भांडण करायचंय. ज्यांना फक्त पत्ते पाहिजेत त्यांनी खाली स्क्रोल करावं, राग नाही.

भांडण असं आहे. २०२५ च्या जूनमध्ये माझी टाइमलाइन "प्रादा चोर आहे" या पोस्टनी भरली होती. "आमची कोल्हापुरी, आमची अस्मिता." प्रोफाइलला चपलांचे फोटो. आणि आता त्यातलेच चार-पाच जण मला विचारतायत की प्रादाची पर्स आउटलेटमध्ये किती टक्के स्वस्त पडते! आमच्या रागाची व्हॅलिडिटी मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी. त्यातल्याच एकानं त्याच आठवड्यात चप्पल लाईनमध्ये दोनशे रुपयांसाठी पंधरा मिनिटं घासाघीस केली आणि ती स्टेटसला मिरवली.

माझं म्हणणं एवढंच: एखादी वस्तू कुणी बनवली, कुठं बनवली, त्याला काय मिळालं, यातलं काहीच कळायला मार्ग नसेल, तर तिच्यासाठी लाख-दोन लाख मोजू नका. मिलानमध्ये नको आणि कोल्हापुरातही नको. आता का ते सांगते.

भाडं तुम्ही भरता

मिलानचं शॉपिंग म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, व्हिया मॉन्तेनापोलिओने. अर्ध्या किलोमीटरचा रस्ता, दोन्हीकडं जगातले सगळे मोठे ब्रँड. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कुशमन अँड वेकफिल्डनं जगातल्या दुकानांच्या भाड्याची यादी काढली, त्यात या रस्त्यानं न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूला मागं टाकून पहिला नंबर काढला. चौरस मीटरला वर्षाला २०,००० युरो. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा बाय दहाच्या खोलीएवढ्या जागेचं वर्षाचं भाडं जवळपास पावणेदोन कोटी रुपये. त्याच वर्षी गुच्चीची मालक कंपनी केरिंगनं याच रस्त्यावरची एक इमारत १.३ अब्ज युरोला विकत घेतली.

हा पैसा कुठून येतो? तुमच्या पर्समधून. दारातला सूटबूटवाला, आतला मंद उजेड, पाण्याचा ग्लास, जाडजूड कागदी पिशवी, तिची रिबन, हे सगळं तुम्ही विकत घेता. त्यातच कुठंतरी एक पर्सही असते. आता त्या पर्सकडं येऊ.

त्रेपन्न युरोची पर्स

मिलानचं कोर्ट या मोसमी शॉपिंगवाल्यांपेक्षा जास्त कडक आहे. २०२४ च्या जानेवारीत आल्विएरो मार्तिनी, एप्रिलमध्ये अर्मानीची एक उपकंपनी, जूनमध्ये डिओरची इटलीतली उत्पादन कंपनी, २०२५ च्या मे महिन्यात व्हॅलेंटिनोची पर्स बनवणारी कंपनी, जुलैमध्ये लोरो पियाना. एकामागून एक कंपन्यांवर कोर्टानं देखरेखीसाठी प्रशासक नेमले. कारण साधारण एकच: तुमचा माल जिथं शिवला जातो तिथं कामगारांची पिळवणूक चालते आणि तुम्ही तिकडं बघितलंच नाही.

डिओरच्या प्रकरणात कागदावर आलेला आकडा असा: जी पर्स दुकानात २,६०० युरोला विकली जाते, ती बनवून देणाऱ्या ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते. चामड्याचा खर्च त्यात धरलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तरी हिशोब करा. तेव्हाच्या दरानं दुकानातली किंमत सव्वादोन लाखाच्या वर आणि शिलाईचे पाच हजाराच्या आत. अर्मानीच्या प्रकरणात तर साखळीच उघडी पडली: खालच्या ठेकेदाराला ९३ युरो, मधल्या पुरवठादारानं तीच पर्स कंपनीला दिली २५० ला, आणि दुकानात किंमत १,८०० च्या आसपास. खाली शिवणाऱ्याला तासाला दोन-तीन युरो, दिवसाला दहा-दहा तास.

हे कारखाने कुठं लांब देशात नव्हते बरं का. याच मिलानच्या आसपास. बरेचसे चिनी मालकांचे, आत काम करणारे बहुतेक चिनी मजूर, काहींकडं कागदपत्रंच नाहीत. माणसं कारखान्यातच झोपत होती, म्हणजे कधीही उठवून मशीनवर बसवता येईल. काम लवकर उरकावं म्हणून मशीनवरची सुरक्षेची साधनं काढून टाकलेली. आणि हे पकडलं कसं? विजेच्या वापरावरून. रात्री, सुट्टीच्या दिवशी, सणाला वीज सारखीच जळतेय म्हटल्यावर आत काय चाललंय ते कळलंच. मीटर खोटं बोलत नाही.

कंपन्यांची बाजूही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. कोर्टानं या ब्रँडवर गुन्हा दाखल केला नव्हता, देखरेखीत हयगय केली असं म्हटलं. अर्मानी आणि डिओर दोघांनी सुधारणा केल्या म्हणून २०२५ च्या सुरुवातीला प्रशासक मुदतीआधीच हटवले गेले. डिओरनं इटलीच्या स्पर्धा आयोगापुढं पाच वर्षांत २० लाख युरो पिळवणुकीला बळी पडलेल्यांसाठी खर्च करायचं कबूल केलं. अर्मानीला त्याच आयोगानं ३५ लाख युरो दंड ठोठावला, कंपनीनं तो मान्य नसल्याचं सांगितलं. म्हणजे सगळं काळं नाही. पण यातलं काहीही गिऱ्हाइकाच्या दबावानं झालं नाही. पोलीस, सरकारी वकील आणि कोर्ट यांनी केलं. गिऱ्हाईक तेव्हा रिबन सोडत होतं.

"पण मेड इन इटली लिहिलंय की!"

लिहिलंय. आणि खोटं नाही. ती पर्स इटलीतच शिवली होती, फक्त कुणी आणि कसल्या खोलीत ते लिहिलं नव्हतं. शिवाय युरोपच्या नियमानं वस्तू एकापेक्षा जास्त देशांत बनली तर तिचा देश ठरतो शेवटचं महत्त्वाचं काम जिथं झालं त्यावरून. त्याआधी चामडं, सुटे भाग, भरतकाम कुठून फिरून आलं हे लेबल सांगत नाही. आपल्या मुंबईचे कारागीर वर्षानुवर्षं युरोपातल्या मोठ्या फॅशन हाऊससाठी भरतकाम करतायत. किती जणांनी त्यांचं नाव लेबलवर वाचलंय? डिओरनं ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला आणि मुंबईच्या चाणक्य संस्थेचं काम उघडपणे पुढं आणलं, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं ते याचंच, की एवढ्या साध्या गोष्टीची बातमी व्हावी.

आता हे चीज बघा

आता एक उलटं उदाहरण. मिलानच्या कुठल्याही साध्या सुपरमार्केटात जा आणि पार्मिजानो रेज्जानो चीज बघा. चाळीस किलोच्या आसपासचं चाक असतं ते. कमीत कमी बारा महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही. त्याच्या सालीवर चहूबाजूंनी ठिपक्या-ठिपक्यांत नाव उमटवलेलं असतं, सोबत बनवल्याचा महिना, वर्ष, आणि ते ज्या डेअरीत बनलं तिचा नंबर. नंबरावरून गावातली डेअरी शोधून काढता येते. या चीजवाल्यांचा संघ १९३४ पासून आहे आणि नावासाठी भांडण्यात पटाईत. २००८ मध्ये युरोपच्या कोर्टानं सांगून टाकलं की युरोपात 'पार्मेझान' हे नावही दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही.

म्हणजे बघा, पास्त्यावर किसून टाकायच्या चीजला पत्ता आहे आणि सव्वादोन लाखाच्या पर्सला नाही. ज्या देशाला चिजाच्या प्रत्येक चाकाचा हिशोब ठेवता येतो, त्याला पर्सचा ठेवता येत नाही यावर माझा विश्वास नाही. ठेवायचा नसतो. कारण हिशोब दिसला की ५३ चा आकडा दिसतो.

आणि आपली कोल्हापुरी?

आता घरचं. २२ जून २०२५ ला मिलानच्या फॅशन वीकमध्ये प्रादाच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल जे घालून चालले ते सरळसरळ कोल्हापुरी पायताण होतं. नाव दिलं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचा नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, गदारोळ झाला, मग प्रादाकडून लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी मान्य केलं की ही प्रेरणा भारतीय कारागिरांची. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर यांच्याशी करार झाला. जाहीर केलेली योजना अशी: २,००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनवायचे, जगभरातल्या ४० दुकानांत विकायचे, किंमत ८०० युरोच्या आसपास. म्हणजे ८०-८५ हजार रुपये.

पोस्ट टाकणाऱ्यांना यात विजय दिसला. पत्र लिहिणाऱ्यांचं श्रेय आहेच, ते द्यायलाच पाहिजे. भांडलं नसतं तर तो करार झाला नसता. पण माझा प्रश्न तोच जुना आहे: त्या ८०० युरोतले कारागिराच्या हातात किती? हा आकडा जोडासोबत छापा, मग टाळ्या वाजवू. प्रशिक्षण देणार, मान देणार, सगळं चांगलं. मान जोडाला किती रुपये भरतो तेही सांगा.

आणि 'आमची कोल्हापुरी' म्हणताना 'आमची' म्हणजे कुणाची, हेही जरा बघा. चामडं कमावलं ढोर समाजानं, चप्पल घडवली चर्मकार समाजानं. हिरडा आणि बाभळीच्या सालीत चामडं मुरवायचं, तळ कापायचा, कान लावायचे, वेणी घालायची, सगळं हातानं. त्या वस्तीत पाणी प्यायला किती जण बसले आजवर? अस्मिता सगळ्या गावाची आणि वास मात्र त्यांच्या गल्लीचा, हे चालणार नाही. शिवाय कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या कितीतरी जोड्या अथणी, निपाणीकडच्या गावांत बनतात. म्हणून तर २०१९ मध्ये मिळालेलं जीआय मानांकन दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे: इकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

जीआयचं बोलतोय तर हेही लक्षात घ्या. जीआयनं प्रामुख्यानं नावाचं रक्षण होतं. 'कोल्हापुरी' न म्हणता तसाच घाट कुणी विकला की कायद्याचं काम अवघड होतं. प्रादाच्या विरोधातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक कोर्टात आलेच नव्हते, भलतेच आले होते. मग उरतं काय? गिऱ्हाईक. चीजवाल्यांच्या मागं कायदा आहे, तसंच नंबर बघून घेणारं गिऱ्हाईकही आहे. आपण कधी कोल्हापुरी घेताना विचारलं का, जीआयची आहे का, कुणी बनवली? आपण एकच विचारतो, "फायनल किती?"

लिडकॉमनं आता क्यूआर कोड आणलाय. स्कॅन केला की कारागिराची माहिती कळावी अशी सोय. आपल्या चपलेच्या सालीवरचा नंबरच म्हणा ना. पण गिऱ्हाइकानं मागितला नाही तर दुकानदार कशाला ठेवेल? रेक्झिनच्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून खपतातच की, आणि घेणारे आपणच.

"माझे पैसे, माझी मर्जी"

हे येणारच, म्हणून आधीच. मर्जी तुमचीच. आयुष्यात एकदा चांगली पर्स घ्यावी वाटणं यात पाप नाही, मलाही चांगल्या वस्तू आवडतात. पण मर्जी वापरायची तर डोळे उघडे ठेवून वापरा. आणि मग गावात येऊन "कारागिराला मान मिळाला पाहिजे" हे भाषण देऊ नका. दोन्ही एकदम नाही जमत.

दुसरं येतं, "मग डुप्लिकेट घेतो." अजिबात नाही. ती तर याहून वाईट खोलीत बनते. वर इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, विकणाऱ्याला तर होतोच. दुओमोसमोर चादरीवर पसरलेल्या पर्स बघून पुढं चला.

बरं, आता पत्ते

गॅलेरिया व्हित्तोरियो इमान्युएले बघाच. १८७७ मध्ये पूर्ण झाली, काचेच्या घुमटाखालून चालायला पैसे पडत नाहीत. प्रादाचं १९१३ चं पहिलं दुकान इथंच आहे. बाहेरून बघा, आत जाऊन कोल्हापुरी कुणी बनवली ते विचारा, उत्तर मला कळवा. शेजारची ला रिनाशेंते इटालियन म्हणून मिरवते, मालक थायलंडची कंपनी. गच्चीवरून दुओमो छान दिसतं, तेवढं घ्या.

रोजचे कपडे, बूट पाहिजेत तर कोर्सो ब्युनोस आयरेस. लांबलचक रस्ता, बहुतेक साखळी दुकानं, इथले लोक इथंच घेतात. सेल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. तारखा प्रांत ठरवतो, त्याआधीच्या 'सेल'वर भाळू नका.

मंगळवारी किंवा शनिवारी असाल तर व्हियाले पापिनियानोचा रस्त्यावरचा बाजार. आपल्या आठवडी बाजारासारखाच, भाजीपासून बुटापर्यंत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी असाल तर नाव्हिल्यो ग्रांदे कालव्याच्या काठाला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. जुनी इटालियन पर्स, जुनं घड्याळ, जुनी भांडी. टिकून राहिलेल्या वस्तूला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही.

चामड्याचंच घ्यायचंय? ब्रेरा आणि इझोला भागात छोट्या वर्कशॉपची दुकानं आहेत. मागं टेबलावर माणूस काम करताना दिसतो का बघा. दिसला तर त्यालाच विचारा, तो आनंदानं सांगतो. तोस्कानाच्या झाडपाल्याच्या अर्कात कमावलेल्या चामड्याला तिथल्या संघाचं नंबर घातलेलं प्रमाणपत्र असतं. तेही झाडाच्या सालीतच मुरवतात, आपल्यासारखं. ते प्रमाणपत्र चामड्याचं असतं, शिलाईचं नाही, त्यामुळं दुसरा प्रश्न विचाराच.

खायचं न्यायचं तर व्हिया स्पादारीवरचं १८८३ चं पेक बघायला जा, आणि खरेदी साध्या सुपरमार्केटात करा. पार्मिजानो व्हॅक्यूम पॅकमध्ये मिळतं. सालीसकटचा तुकडा घ्या आणि घरी पोरांना सालीवरचे ठिपके दाखवा.

सेराव्हालेचं आउटलेट शंभरेक किलोमीटरवर आहे. दोन दिवसांतला एक दिवस बसमध्ये घालवायचा असेल तर तुमची मर्जी. टॅक्स परत पाहिजे तर एका दुकानात ७० युरोच्या वर बिल हवं, फॉर्म मागून घ्या, विमानतळावर आधी कस्टमचं काम उरका. कर २२ टक्के असला तरी हातात त्याहून बरंच कमी येतं, आधीच सांगून ठेवते.

आणि एक काम गावात करा. पुढच्या वेळी चप्पल लाईनला जाल तेव्हा "फायनल किती" विचारायच्या आधी "कुणी बनवली" विचारा. क्यूआर कोड मागा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा आणि तिथंही मागा. दहा गिऱ्हाइकांनी मागितला की अकराव्याला मागावा लागणार नाही. आणि ज्यानं बनवणाऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका.

ज्यांनी जूनमध्ये "आमची कोल्हापुरी" लिहिलं होतं त्यांनी खाली कमेंटमध्ये आपल्या चपलेच्या कारागिराचं गाव लिहा. अथणी, निपाणी, कोल्हापूर, जे असेल ते. माहीत नसेल तर रविवारी विचारून या, मी वाट बघते.